सोरा कुठून आणला?

मंगातली कताना बहुतेक वेळा बरोबर असते. पात्याचा बाक, मुठीवरची दोरीची वीण, कंबरपट्ट्यात धार वर ठेवून खोचलेलं म्यान, सगळं अगदी संग्रहालयात बसून काढल्यासारखं. काळात मागे जाणाऱ्या सामुराई-मंगांवर "शस्त्रं खरी आहेत का?" अशी चर्चा निघाली की ती याच गोष्टींवर अडकते. मूठ अशी होती का, चिलखत त्या दशकातलं आहे का, बंदुकीचा दस्ता बरोबर काढलाय का. माझं म्हणणं असं, की हे सगळं तपासून झालं तरी खरी तपासणी अजून सुरूच झालेली नसते. बंदूक हातात आली, ठीक. तिच्यात घालायची दारू कुठून आली? दारूतला सोरा कुठून आला? गोळीचं शिसं कुणी विकलं, उधारीवर की रोख?

हे प्रश्न माझ्या डोक्यात येतात कारण माझं रोजचं काम तेच आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या पीएचडीचा विषय अठराव्या शतकातल्या मराठी फौजांचा दारूगोळा आणि रसद. म्हणजे मोडीतले हिशेब वाचायचे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल सोडायचे आणि शिसं, गंधक, सुतळी, बैल, मजुरी असल्या नोंदी उतरवून घ्यायच्या. घरी बारामतीत कुणी विचारलं की मी "इतिहास" म्हणून मोकळी होते. "बैलांचे हिशेब" म्हटलं तर पुढचा प्रश्न नोकरीचा येतो. पण या कागदांनी माझी वाचायची नजर बिघडवली, किंवा सुधारली म्हणा. हिशेबनीस बंदुकीचं वर्णन करत बसत नाही. ती किती दिवस चालेल याचा तो विचार करतो.

आता जपानकडे बघू, कारण तिथली कथा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

१५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले आणि त्यांच्याकडच्या तोड्याच्या बंदुका तिथल्या सरदाराने विकत घेतल्या. तिथल्या लोहाराने नमुना बघून नळी घडवली, पण नळीचं मागचं तोंड पक्कं बंद कसं करायचं हे त्याला जमेना, कारण त्यासाठी स्क्रूचे आटे पाडावे लागत होते. पुढच्या वर्षी आलेल्या पोर्तुगीज कारागिराकडून ते शिकावं लागलं, असं तिथली परंपरा सांगते. ही गोष्ट मला फार आवडते. आज मागे जाणाऱ्या शाळकरी नायकाला स्क्रू माहीत असतो. वहीवर चित्रही काढून दाखवेल. पण नळीच्या आतून आटे पाडायचं हत्यार त्याला करता येतं का? तुम्हाला येतं? मला तर पंक्चर काढता येत नाही.

पुढे १५७५ ची नागाशिनोची लढाई. ओदा नोबुनागाने तीन हजार बंदुकधारी तीन रांगांत उभे केले, एक रांग झाडते तोवर दुसऱ्या दोन भरतात, आणि ताकेदांचं घोडदळ कापलं गेलं, हे दृश्य तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. कुरोसावाच्या 'कागेमुशा'चा शेवटही याच लढाईवर होतो. गंमत अशी, की नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्युइचीने लिहिलेल्या चरित्रात ही तीन रांगांची युक्ती नाही. ती नंतरच्या, रंगवून लिहिलेल्या चरित्रातून आली आणि चिकटली. मंगाकारांनी ती उचलली याला मी फारसा दोष देत नाही, कित्येक पाठ्यपुस्तकांनीही उचलली होती. मला खटकतं ते वेगळंच. बंदुका ताकेदांकडेही होत्या. पण त्यांचा मुलूख डोंगराआडचा. उलट नोबुनागाच्या ताब्यात साकाई बंदर होतं, जिथे बंदुका घडत आणि जिथून परदेशी सोरा नि शिसं आत येई. त्या काळच्या जपानी गोळ्या तपासल्या तेव्हा काहींचं शिसं थायलंडच्या खाणीतलं निघालं. तेव्हा त्या मैदानावर कोण जिंकणार याचा बराचसा निकाल बंदरावर लागला होता. शिवाय लढाई जूनअखेरची, तिथल्या पावसाळ्यातली. जळता तोडा विझला की बंदूक म्हणजे लाकडाचा सोटा. हे सगळं मंगाच्या एका चौकटीत मावत नाही, मान्य. पण काळात मागे गेलेल्या नायकाला एकदा तरी बंदराचा ताबा कुणाकडे आहे हे विचारायला काय हरकत आहे?

अपवाद आहेत. हान्मुरा र्यो यांच्या कादंबरीवर निघालेल्या १९७९ च्या चित्रपटात आजच्या जपानी संरक्षण दलाची तुकडी रणगाडा-हेलिकॉप्टरसकट सोळाव्या शतकात जाऊन पडते. सुरुवातीला माज, मग वाहनं एकेक करून निकामी, दारूगोळा संपत आलेला, आणि शेवट वाईट. तिथे लेखकाला हिशेब माहीत होता. आणि दुसरा अपवाद 'ड्रिफ्टर्स', कोहता हिरानो यांचा. हा मंगा तर धडधडीत अचाट. सेकिगाहाराच्या लढाईतून उचललेला शिमाझु तोयोहिसा, मेलेला समजला गेलेला नोबुनागा, सोबतीला लांब कानांचे एल्फ. ऐतिहासिक अचूकता शोधायला तिथे कुणी जाणार नाही. पण त्यातला नोबुनागा बंदुकांआधी सोऱ्याच्या मागे लागतो, लोकांना मलमूत्राने कुजलेली माती गोळा करायला लावतो. वाचताना मी चक्क टाळी वाजवली. सोरा असाच निघायचा. गोठ्यातली, उकिरड्यातली, जुन्या भिंतींच्या बुडाची माती धुवायची, पाणी आटवायचं, खडे काढायचे. जपानात गोकायामाच्या खेड्यांत घराच्या जमिनीखाली खड्डे करून हे काम वर्षानुवर्षं चालायचं. इकडे बिहारचा सोरा जहाजं भरून युरोपात जात होता. 'ड्रिफ्टर्स'मधले एल्फ खोटे आहेत, माती खरी आहे.

आता हाच प्रयोग आपल्याकडे करून बघू. बारामतीचा अकरावीतला एक मुलगा घ्या. मंगात घसरतात तसा तो काळातून घसरला आणि इंदापुरात पोचला. साल साधारण १६००, सेकिगाहाराचंच. उजनी नाही, त्यामुळे पळसदेवचं देऊळ कोरड्या जमिनीवर उभं. नीरा डावा कालवा यायला पावणेतीनशे वर्षं आहेत, म्हणून ऊसही नाही. ज्वारी, बाजरी, करडई, आणि पावसाची वाट. मुलूख निजामशाहीचा. पुणे-सुप्याची जहागीर असलेले मालोजीराजे भोसले पुढे इथेच, इंदापूरच्या लढाईत पडणार आहेत. त्यांची गढी आजही गावात दाखवतात.

आपला गडी मालोजीराजांपुढे उभा राहतो आणि म्हणतो, "राजे, मी तुम्हाला असं अस्त्र देतो की शत्रू लांबूनच पडेल. सोरा पंचाहत्तर भाग, गंधक पंधरा, कोळसा दहा!"

मला वाटतं राजे त्याला आधी पाणी द्यायला सांगतील. कारण ही बातमी त्यांना जुनी आहे. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ ओतली गेली ती १५४९ मध्ये, निजामशाहीच्या अहमदनगरातच. म्हणजे तानेगाशिमाच्या लोहाराला आटे शिकून फार तर पाच वर्षं झाली होती. दख्खनला दारू शिकवायला भविष्यातून कुणी यायची गरज नव्हती. रूमी कारागीर, पोर्तुगीज बंदरं, अरबी घोडे, युरोपात घडलेली पाती हे सगळं इथे आधीच येत होतं. आपण अभिमानाने 'फिरंग' म्हणतो त्या तलवारीचं नावच सांगतं की पातं समुद्रापलीकडचं आणि मूठ आपली.

मग राजे त्याला काय विचारतील? सोरा कितीला आणशील. शिसं किती महिने पुरेल. तोडे वळायला माणसं आहेत का. श्रावणात दारू कोरडी कशी ठेवायची. घोड्यावरून दौडता दौडता तोड्याची बंदूक भरायची कशी, कारण आमचे लोक घोड्यावर आहेत आणि भाला-पट्ट्यावर त्यांचा हात बसलाय. पोराकडे यातल्या एकाचंही उत्तर नाही. मोबाईलची बॅटरी एव्हाना संपलीय.

हसू नका, हीच जागा महत्त्वाची आहे. काळात मागे जाणाऱ्या बहुतेक कथा असं गृहीत धरतात की मागच्या लोकांना माहिती नव्हती म्हणून ते हरले किंवा मागे राहिले. माहिती पोचवली की झालं. या गृहीतात लोहार नाहीसा होतो, माती धुणारा नाहीसा होतो, तांड्यावर धान्य नि दारू वाहणारा वंजारी नाहीसा होतो. उरतो फक्त हुशार पोरगा. तलवारीची मूठ चुकीची काढण्यापेक्षा ही चूक मला फार मोठी वाटते, कारण मूठ कुणीतरी दुरुस्त करतं. ही कुणी दुरुस्त करत नाही.

आपल्या पडद्यावरही हेच होतं. २०२० च्या 'तान्हाजी'त कोंढाण्यावर अजस्र नागीण तोफ चढवतात, रोख राजगडावर. कोंढाणा ते राजगड हवाई अंतर सुमारे १५ किलोमीटर. सतराव्या शतकातली चांगली तोफ कामाचा मारा करायची ती एक-दीड किलोमीटरवर. फार ताणलं तर तीन-चार. चित्रपटगृहात लोक फेट्यावर नि मिशीवर वाद घालत होते, तोफेवर कुणी बोललं नाही. लंडनहून २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हाही सगळा वाद 'तीच का?' एवढाच. असो.

खरं तर मराठीत या विषयावरची सगळ्यात चांगली कथा शस्त्राचं वर्णन जवळपास करतच नाही. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. सीबीएसईवाल्यांनी तिची इंग्रजी आवृत्ती अकरावीत 'द ॲडव्हेंचर' म्हणून वाचली असेल. प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर मागच्या काळात जात नाहीत, आजच्याच काळाच्या शेजारच्या फांदीवर जातात. तिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. का? तर १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून गेली. बस्स, एवढाच फरक.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कथाकाराने घेतलेलं स्वातंत्र्य वाटलं होतं. आता बंदुकांबद्दल चार गोष्टी वाचल्यावर वाटतं, शस्त्राबाबत इतकी अचूक जागा दुसऱ्या कुठल्या कथेत नसेल. बघा कसं. त्या काळच्या बहुतेक बंदुकांची नळी आतून गुळगुळीत. काळ्या दारूची काजळी चढते, म्हणून गोळी नळीपेक्षा जरा लहानच ठेवायची, नाहीतर चौथ्या-पाचव्या बाराला ती आत जात नाही. मग बार उडाला की ही सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत पुढे जाते. तोंडाशी शेवटचा धक्का ज्या बाजूला लागला त्यावर तिची दिशा आणि गिरकी ठरते, आणि गिरकीमुळे ती हवेत आणखी वळते. हे पद्धतशीर मांडलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने, १७४२ च्या तोफगोळ्यांवरच्या ग्रंथात आणि त्यानंतरच्या प्रयोगांत. आणि हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आपल्याकडे येऊन १७५१ मध्ये मद्रास किनाऱ्यावर वारला. पानिपतच्या दहा वर्षं आधी!

म्हणजे नेम धरणारा तोच, हात तोच, दारू तीच, तरी गोळी कानाला लागेल की कानाजवळून जाईल हे नेम धरणाऱ्याच्या हातात नव्हतं. नारळीकरांना निकाल एका बारीक योगायोगावर टांगायचा होता, त्यासाठी त्यांनी पुढे कॅटास्ट्रॉफी थिअरी आणि पुंजवाद आणला. गुळगुळीत नळीची बंदूक ही तो योगायोग पोटात घेऊन फिरणारी वस्तू आहे. हीच कथा तलवारीच्या वारावर उभी केली असती तर पटली नसती. वार चुकला तर आपण म्हणतो हात चुकला. गोळी चुकली तर कुणाला बोल लावणार?

इथपर्यंत माझे नारळीकरांना शंभर गुण. माझी तक्रार आहे ती गोळी चुकल्यानंतरची.

कथेत विजयानंतर कंपनी किनाऱ्यावरच्या ठाण्यांपुरती उरते आणि पुढे पुण्याचे राज्यकर्ते स्वतःची विज्ञानकेंद्रं काढतात. पण त्या दुपारच्या फौजेकडे जरा निरखून बघा. दिल्लीत पैसे संपले म्हणून भाऊसाहेबांनी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून रुपये पाडले होते. नोव्हेंबरपासून पानिपतात कोंडी. अब्दालीची रसद तोडायला निघालेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, म्हणजे उलटा डावही फसला. १४ जानेवारीला फौज बाहेर पडली ती उपाशी, कारण आत राहून मरण्यापेक्षा लढून मरावं हे ठरलं होतं. शस्त्रांत आपण कमी नव्हतो. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी आणि तोफांनी सकाळी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. तिकडे अब्दालीकडे दुपारी उतरवायला ताज्या दमाच्या तुकड्या आणि उंटांवरचे जंबुरे शिल्लक होते. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर गेले, रिकामी अंबारी दिसली आणि फौज फुटली, हे खरंच. त्या क्षणापुरती गोळीची ताकद मोठीच. पण गोळी चुकली असती तरी दुपारचे जंबुरे आणि सकाळपासूनची उपासमार जागच्या जागीच राहिली असती.

आणि पैसा. इथे मला गावाकडे यावं लागतं. बारामतीत कऱ्हेच्या काठावरचा बाबुजी नाइकांचा वाडा तुम्ही पाहिला असेल. शाळेत तो आपल्याला मोरोपंतांमुळे भेटतो, पंतांना आश्रय देणारे ते हे नाईक, एवढंच. पण नाईक सावकार होते, आणि साधे सावकार नव्हेत. बाजीरावांची बहीण भिऊबाई याच घरात, आबाजी नाइकांना दिलेली. १७४० मध्ये बाजीराव कर्जाचा डोंगर ठेवून गेले तेव्हा रघुजी भोसल्यांच्या पाठिंब्याने बाबुजी नाईक थेट पेशवेपदावर दावा सांगत होते. शाहू महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांना दिली, पण देणं राहिलंच. मराठी तोफ समजून घ्यायची तर दोन घरं बघावी लागतात. तोफखान्याचे पानसे, ज्यांनी सासवडजवळ सोनोरीला मल्हारगड बांधला तो पानिपतच्या अगदी तोंडावर, १७५७ ते १७६० मध्ये. आणि सावकार नाईक, त्याच कऱ्हेला धरून खाली, बारामतीत. सासवडहून निघालेलं पाणी नाइकांच्या वाड्याखालून जातं आणि पुढे सोनगावला नीरेत मिळतं. तोफांचा किल्ला वरच्या अंगाला, कर्जाचे कागद खालच्या अंगाला. शस्त्राचा इतिहास मला नेहमी असाच दिसतो.

नारळीकरांच्या कथेतलं हे दुसरं पुणे विज्ञानकेंद्रं काढायला पैसे कुठून आणतं? जिंकलेल्या फौजेलाही पगार द्यायचा असतोच, उलट जास्त. हरलेल्याचा सावकार निदान थोडा थांबतो. इतिहास वळवणारी गोळी कथाकाराने अचूक निवडली, पण मागचं देणं त्याच दमात माफ करून टाकलं. मंगातला पोरगा सोरा विसरतो, आपले गंगाधरपंत व्याज विसरतात. पंत स्वतः इतिहासाचे प्राध्यापक, ग्रंथालयात जाऊन ग्रंथाचे खंड चाळतात, तेव्हा त्यांनी तरी विसरायला नको होतं असं मला राहून राहून वाटतं. त्या दुसऱ्या मुंबईच्या ग्रंथालयात मला एक तास मिळाला असता तर लढाईचं पान मी उघडलंही नसतं. १५ जानेवारी १७६१ ला सकाळी त्या जिंकलेल्या छावणीत धान्य काय भावाने मिळत होतं, तेवढं आधी शोधलं असतं.

यावर तुम्ही म्हणाल, कथेत हिशेब कोण वाचणार? 'ड्रिफ्टर्स' लाखो लोक वाचतात आणि त्यात चक्क उकिरडा उपसतात. वाचणारे आहेत. इंदापूरच्या गढीपासून नाइकांच्या वाड्यापर्यंतचा मुलूख घेऊन कुणी असा मंगा काढणार असेल, तर तोड्याच्या बंदुकीला एका दिवसाला किती सुतळी लागते याचा आकडा मी काढून देईन. पुढचा लेख त्या सुतळीवरच आहे.